एक्सपीपी-ऑटो: तीन वर्षं वापरून झाल्यावर एका प्राणिशास्त्रवालीचं मत

एक्सपीपी-ऑटो हे समीकरणं सोडवून त्यांचे आलेख काढणारं सॉफ्टवेअर. दिसायला ते ओंगळ आहे, हे आधीच सांगून टाकते. उघडलं की एक काळी-करडी खिडकी, डाव्या कडेला एकाखाली एक लावलेले मेनू, आणि काही चुकलं की 'टिंग' असा आवाज. पहिल्या आठवड्यात तो आवाज मी इतक्या वेळा ऐकला की लॅबमधल्या ज्युनिअरने हेडफोन घेतला. तरीही गेली तीन वर्षं माझ्या लॅपटॉपवर रोज उघडणारी गोष्ट हीच आहे, आणि 'प्रदूषणाचं मॉडेल करायचंय, काय वापरू?' असं कोणी विचारलं की मी हेच नाव सांगते. का सांगते आणि कोणाला सांगत नाही, ते लिहिते.

मी मूळची प्राणिशास्त्राची. गणिताशी बारावीनंतर बोलणं बंद होतं. माझं काम डाफ्निया, म्हणजे तळ्यातला एक बारीकसा कवचधारी जीव, मोजायचं. चोवीस तासांच्या आत जन्मलेली पिल्लं घ्यायची, विषाच्या प्रत्येक मात्रेला वीस, पाच-पाचच्या चार गटांत. मग ४८ तासांनी किती हलतायत, किती नाही, ते बघायचं. त्यातून एक आकडा निघतो: निम्मे जीव गारद करणारी मात्रा. अहवालात तो आकडा मोठ्या ऐटीत बसतो.

या चाचणीत डाफ्नियाला ४८ तास खायला देत नाहीत, नियमच तसा आहे. एकदा दुपारी सर सहज म्हणाले, "अगं, तळ्यात तो शैवाल खातो ना? मग शैवालालाच विष लागलं तर तुझा आकडा काय सांगणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तणनाशकासारखं रसायन डाफ्नियाला फारसं काही न करता त्याचं अन्नच कमी करू शकतं, आणि माझ्या चंचुपात्रात अन्न नावाची गोष्टच नव्हती.

सरांनी दोन जुने पेपर हातात ठेवले. एक १९८३ चा, हॅलम, क्लार्क आणि लॅसिटर यांचा. दुसरा १९९१ चा, फ्रीडमन आणि आयआयटी कानपूरचे शुक्ला यांचा. आज प्रदूषण आणि प्रजाती यांची जी समीकरणं दिसतात, त्यातली बरीचशी याच घराण्यातली. मांडणी समजायला सोपी आहे. विषाचे दोन साठे धरायचे, एक बाहेर पाण्यात आणि एक जिवाच्या शरीरात. बाहेरचा साठा कारखान्यातून येणाऱ्या ओघाने वाढतो, आपोआप विरण्याने घटतो आणि जीव शोषून घेतात तसाही घटतो. शरीरातला साठा शोषणाने वाढतो, उत्सर्जनाने कमी होतो. शरीरात जितकं विष, तितका जननदर कमी किंवा मृत्युदर जास्त. बाहेर जितकं विष, तितकी परिसराची धारणक्षमता, म्हणजे तो जास्तीत जास्त किती जीव पोसू शकतो ती मर्यादा, कमी. याला संसाधनाचं, म्हणजे अन्नाचं, एक समीकरण जोडलं की चार ओळी होतात: शैवाल, डाफ्निया, पाण्यातलं विष, अंगातलं विष.

चार ओळी कागदावर लिहिणं मला जमलं. त्या सोडवायच्या कशा, हे कळत नव्हतं.

आधी मी पैसे भरून एक ऑनलाइन सेवा घेतली होती. नाव देत नाही. चौकोन ओढायचे, बाण जोडायचे, बटण दाबायचं. आलेख देखणे यायचे, सरकत्या रंगांसकट. पण बाणामागे नेमकं कोणतं समीकरण बसलंय ते उघडून दाखवायचं नाही. विषामुळे मृत्युदर वाढतो हे मी सांगितलं, पण तो सरळ रेषेत वाढतो की उंबरठा ओलांडल्यावर, हे त्यांनीच परस्पर ठरवून टाकलेलं. विचारलं तर मदतकक्षाकडून 'आपला अभिप्राय महत्त्वाचा आहे' एवढंच. तीन महिन्यांनी सोडली.

एक्सपीपी-ऑटो फुकट आहे. पिट्सबर्ग विद्यापीठातले गणितज्ञ बार्ड अर्मेंट्राउट यांनी ते बनवलं, आणि त्याच्या पोटात डोडेल यांचा 'ऑटो' हा दुसरा प्रोग्रॅम बसवलाय. खरी किंमत त्या ऑटोची, पण त्याकडे नंतर येते.

बसवण्यात पहिल्यांदा माझा एक अख्खा शनिवार गेला. हे एक्स-विंडोज नावाच्या जुन्या व्यवस्थेवर चालतं. लिनक्सवाल्यांना त्रास नाही. विंडोजवर आधी एक्स-सर्व्हर टाकावा लागतो, मॅकवर एक्सक्वार्ट्झ. तो चालू नसताना एक्सपीपी उघडलं तर ते काही न बोलता बंद होतं आणि तुम्ही बसता डबल-क्लिक करत.

एकदा ते सुरू झालं की मात्र खूश व्हाल. मॉडेल म्हणजे एक साधी टेक्स्ट फाइल. एका ओळीत एक समीकरण, कागदावर लिहितो जवळजवळ तसंच. त्याखाली प्राचलांची, म्हणजे वेग-दर वगैरे आपण ठरवायच्या आकड्यांची ओळ, सुरुवातीच्या आकड्यांची ओळ, आणि शेवटी 'डन' हा शब्द. संपलं. माझं चार समीकरणांचं मॉडेल टिपणांसकट अकरा ओळींत बसतं. सरांना मेलमध्ये पेस्ट करून पाठवता येतं, आणि सर चष्मा वर करून थेट त्या ओळीवर बोट ठेवतात: "इथे गुणिले डाफ्नियाची संख्या राहिलंय." त्या देखण्या चौकोनांत ही चूक कोणाला सापडली असती?

आता याच्या खोड्या. मूळ सेटिंगमध्ये ते वेळ २० पर्यंतच चालवतं. माझा काळ दिवसांत होता. वीस दिवसांचा आलेख पाहून मी वहीत लिहिलं, 'डाफ्निया वाढत जातो'. खरं तर तो वर-खाली हेलकावत होता, आणि एका हेलकाव्याला वीसहून जास्त दिवस लागत होते. मी लाटेची फक्त चढण पाहिली होती. टोटल, म्हणजे एकूण वेळ, ५०० केलं तेव्हा लाटा दिसल्या, आणि वहीतली ती ओळ खोडताना पेन कागदातून आरपार गेलं.

दुसरी खोडी: कोणताही चल १०० च्या पुढे गेला की 'आउट ऑफ बाउंड्स' म्हणून गाडी थांबते. शैवालाच्या पेशी लाखांत मोजत असाल तर पहिल्याच पावलाला थांबेल. बाउंड्स वाढवा, नाहीतर आकडे हजारात किंवा लाखात मोजा. फार लांब चालवलं तर 'स्टोरेज फुल' म्हणतं, तेव्हा साठवणीची मर्यादा वाढवायची. एकदा कळल्या की या गोष्टी फाइलच्याच एका ओळीत लिहून टाकता येतात, पुन्हा त्रास नाही.

पण एकदा 'आउट ऑफ बाउंड्स' आलं आणि त्यात सॉफ्टवेअरची काही चूक नव्हती. अंगातून विष बाहेर पडण्याचा वेग मी ताशी ४ असा घेतला होता. बाकी सगळं दिवसांत, म्हणून त्याचे केले दिवसाला ९६. इथवर बरोबर. चालवलं तर अंगातलं विष आधी ऋण झालं, मग आणखी ऋण, मग प्रचंड ऋण, आणि टिंग. ऋण विष! मी दोन दिवस समीकरणात चूक शोधली. समीकरण बरोबर होतं. मोजण्याचं पाऊल ०.०५ दिवसाचं, म्हणजे सव्वा तासाच्या जवळपासचं, आणि अंगातलं निम्मं विष तर दहा-अकरा मिनिटांतच बाहेर पडणारं. चालणाऱ्याने एकेक टांग खड्ड्यापलीकडे टाकत जावं, तसा सोडवण्याचा रीतसर मार्ग त्या समीकरणावरून उड्या मारत होता. प्रदूषणाच्या मॉडेलमध्ये हे नेहमी होतं, कारण विष मिनिटा-तासांत हलतं आणि प्रजाती महिन्यांत. अशा समीकरणांना 'स्टिफ' म्हणतात, आणि एक्सपीपीत पद्धत बदलून 'स्टिफ' केली की पाच सेकंदांत शांत. आर भाषेतल्या 'डी-सॉल्व्ह' पॅकेजमधली नेहमीची पद्धत हा बदल आपणहून करते, त्या बाबतीत ते जास्त समजूतदार. पण माझे दोन दिवस गेले नसते तर स्टिफ म्हणजे काय हे मला आजही कळलं नसतं.

आता ऑटो. याच्यासाठीच हे सॉफ्टवेअर घ्यायचं. एखादा आकडा हळूहळू बदलत नेला की मॉडेलचा समतोल कसा सरकतो, त्याची रेघ ते काढतं.

उदाहरण अगदी लहान घेते, कोणालाही करून पाहता येईल असं. विषाची समीकरणं काढून टाका. विषाचा परिणाम म्हणजे डाफ्नियाचा जास्तीचा मृत्युदर एवढंच धरा. शैवालाचा वाढीचा वेग १, धारणक्षमता ४. डाफ्निया जे खातो ते शैवाल भागिले (१ अधिक शैवाल), म्हणजे पोट भरलं की वेग मंदावणारं. खाल्ल्याच्या निम्म्याची पिल्लं. विष नसतानाचा मृत्युदर ०.२.

विष नसताना लाटा येतात. त्या लाटांच्या मधोमध जो समतोल आहे, तिथे डाफ्निया १.३९. आता विष वाढवत न्या. मृत्युदर ०.२५, ०.२८, ०.३. माझी अपेक्षा काय असणार? समतोलातला डाफ्निया कमी होत जाईल. तो वाढला. ०.३ ला पोचेपर्यंत १.५६.

ज्युनिअर मागे उभी होती. म्हणाली, "ताई, हे बिघडलंय का?"

मलाही तेच वाटलं. मग दोघींनी कागदावर हाताने सोडवलं. उत्तर तेच. विषाविना डाफ्निया शैवालाला इतका ओरबाडून खातो की शैवाल स्वतःच्या उत्पादक पातळीच्या खाली दबलेलं राहतं. विषाने थोडे डाफ्निया कमी झाले की शैवाल सावरतं, जास्त उत्पादन देतं, आणि त्यावर जास्त डाफ्निया पोसले जातात. परिसरशास्त्रात याला 'हायड्रा परिणाम' म्हणतात, हे नंतर सरांनी सांगितलं. एक डोकं छाटलं की दोन उगवणाऱ्या त्या ग्रीक राक्षसावरून.

बरोबर ०.३ वर लाटाही थांबतात. ऑटोच्या आलेखात हे असं दिसतं: आधी बारीक काळी रेघ, म्हणजे समतोल आहे पण टिकाऊ नाही. तिच्या वर-खाली हिरवे ठिपके, म्हणजे लाटेची माथा-तळाची उंची. ते ठिपके जवळ जवळ येत ०.३ ला रेघेत मिळतात, तिथे 'एचबी' अशी खूण, आणि तिथून पुढे रेघ जाड आणि लाल. टिकाऊ समतोल. आता ०.३ च्या पुढे ती लाल रेघ उतरायला लागते. ०.३५ ला डाफ्निया पुन्हा १.३९, विष नसताना होता नेमका तेवढा. आणि ०.४ ला शून्य.

तो आलेख मी प्रिंट काढून टेबलासमोर लावलाय. तळ्यावर जाऊन कोणी डाफ्निया मोजले आणि 'गेल्या दशकाएवढेच आहेत, वर संख्याही स्थिर झालीय' असं लिहिलं, तर ते वाक्य खरं असूनही ते तळं नामशेष होण्यापासून मृत्युदराच्या ०.०५ एवढ्याच अंतरावर असू शकतं. नुसत्या सिम्युलेशनमध्ये मला हे दिसलं नसतं, कारण सिम्युलेशन एका वेळी एकच आकडा चालवतं आणि न टिकणारा समतोल कधी दाखवतच नाही; त्याच्यापाशी कोणी थांबत नाही ना. ऑटो त्या न टिकणाऱ्या रेघेवरूनही चालत जातं.

मग विष दुसऱ्या बाजूने लावून पाहिलं. डाफ्नियाला काही नाही, फक्त शैवालाची धारणक्षमता कमी करत न्यायची, सरांच्या मूळ प्रश्नासारखी. ४ वरून २, २ वरून १. समतोलात डाफ्निया १.३९ वरून १.११ आणि मग ०.५६. शैवाल? ०.६७, ०.६७, ०.६७. हलतच नाही! ज्याला विष लागलं त्याचा साठा जसाच्या तसा, आणि ज्याला लागलं नाही तो घटतोय. कारण डाफ्नियाला जगण्यापुरतं जेवढं शैवाल लागतं, तेवढ्यावरच तो त्याला खाऊन आणून ठेवतो. शैवालाचं कमी झालेलं उत्पादन डाफ्नियाच्या संख्येतून वजा होतं. शैवाल मोजणाऱ्याला प्रदूषण सापडणार नाही. हे उत्तर मिळालं त्या रात्री मी सरांना साडेअकराला मेसेज केला. "उद्या बोलू" असं आलं, पण शेवटी उद्गारचिन्ह होतं. सरांच्या बाबतीत ते फार झालं.

ऑटो वापरताना दोन गोष्टी पाळा. आत शिरण्याआधी मॉडेल खरोखर समतोलात आलेलं असू द्या. इनिशियल-लास्ट, इनिशियल-लास्ट (म्हणजे थांबलं तिथूनच पुढे चालव) असं चार-पाच वेळा दाबा, आकडे हलेनासे होईपर्यंत. नाहीतर पहिल्या पावलाला 'एमएक्स' म्हणून हात वर करतं. आणि मूळचं कमाल पाऊल मोठं असतं. माझी सगळी गोष्ट ०.२ ते ०.४ मध्ये घडते. मोठ्या पावलाने ती दोन ढांगांत मागे पडते आणि रेघ कोनाकोनाची दिसते. पाऊल ०.०१ करा. वाट बघायला लागते, पण चहाइतकी नाही.

न जमणाऱ्या गोष्टीही आहेत. नदी असेल, म्हणजे वरच्या अंगाला विष आणि खालच्या अंगाला मासे, तर जागेचा हिशेब इथे ओढूनताणून करावा लागतो. धारणक्षमता १० केली की लाटांचा तळ इतका खाली जातो की डाफ्नियाचा बारीकसा अंश उरतो आणि पुढच्या लाटेत त्यातूनच सगळी प्रजा पुन्हा उभी राहते. खऱ्या तळ्यात पाव डाफ्निया पिल्लं देत नाही. हा दोष समीकरणांच्या जातीचाच आहे, सॉफ्टवेअरचा नाही. पण सॉफ्टवेअर तुम्हाला सावधही करत नाही. एककांचंही तेच. मायक्रोग्रॅमच्या जागी मिलिग्रॅम टाकलात तर हजारपट विषाचा आलेखही ते तितक्याच आनंदाने काढून देईल. मी टाकलं होतं. सगळे डाफ्निया पहिल्या दिवशी मेले आणि मला वाटलं, काय प्रभावी निष्कर्ष!

काही प्रश्नांना तर एवढं अवजारही लागत नाही. नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी गिधाडांचं गणित देते. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलेली जनावरं मेल्यावर त्यांचं मांस खाऊन गिधाडं मेली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. इथे संसाधनाला, म्हणजे मेलेल्या जनावरांना, विषाने काहीच फरक पडत नाही. संसाधन फक्त विष पोचवतं. समजा दोनशेत एकच जनावर विषारी, आणि गिधाड तीन दिवसांतून एकदा जेवतं, म्हणजे वर्षाला सुमारे १२० वेळा. वर्षभर वाचण्याची शक्यता? ०.९९५ चा १२० वा घात. कॅल्क्युलेटर सांगतो ०.५५. वर्षाला एकच अंडं घालणाऱ्या पक्ष्याला हे झेपणार कसं? २००४ साली ग्रीन आणि सहकाऱ्यांनी रीतसर मॉडेल करून दाखवलं की दर १३० ते ७६० जनावरांमागे एक विषारी असलं तरी गिधाडांच्या संख्येतली तेव्हाची घसरण समजावता येते. किती जनावरं विषारी असली की अशी घसरण होईल, याचा अंदाज मुलं आधी सांगतात, तो हमखास दहा-वीस टक्क्यांचा असतो.

तर कोणी घ्यावं? दोन ते सहा-सात समीकरणं आहेत, कुठे उंबरठा आहे हे शोधायचंय, आणि आपलं समीकरण आपल्या डोळ्यांसमोर हवंय, त्यांनी डोळे झाकून. मॅटलॅबचा परवाना संस्थेकडे असेल तर मॅटकॉन्ट पाहा, तेही हेच काम करतं आणि दिसायला बरं आहे. प्रत्यक्ष मोजलेल्या आकड्यांवर मॉडेल बसवायचं असेल, तर सरळ आर किंवा पायथन. एक्सपीपीत तेही करता येतं म्हणतात, पण मला तिथे कधी समाधान मिळालेलं नाही. आलेख प्रबंधात लावायचा असेल तर बिंदू फाइलमध्ये उतरवून घ्या आणि दुसरीकडे काढा. इथून निघणारी पोस्टस्क्रिप्ट फाइल पाहून आमच्या परीक्षकांनी विचारलं होतं, हे फॅक्सवर आलंय का.

आणि बंद करण्याआधी प्राचलांचा संच सेव्ह करा. ते स्वतः काही लक्षात ठेवत नाही. कालच दोन तासांचं काम असंच गेलं, आता पुन्हा इनिशियल-लास्ट, इनिशियल-लास्ट करत बसलेय.